चॅट्सवर्थ एकाच घराण्याकडे पावणेपाचशे वर्षं कसं राहिलं?

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमधला चॅट्सवर्थसारखा अवाढव्य वाडा १५४९ पासून आजवर एकाच कॅव्हेंडिश घराण्याकडे कसा राहिला? वाटण्या, कर्ज, कर यांत तो गेला कसा नाही?

तो जवळजवळ गेलाच होता. या घराण्याचे तेव्हाचे प्रमुख, डेव्हनशायरचे दहावे ड्यूक (ड्यूक हा उमरावांतला सर्वांत वरचा किताब), २६ नोव्हेंबर १९५० ला लाकडं तोडत असताना हृदयविकाराच्या झटक्यानं वारले. वय अवघं ५५. चार वर्षांपूर्वी त्यांनी मालमत्तेचा मोठा भाग पुढच्या पिढीसाठी ट्रस्टच्या नावे केला होता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे देणारा पुढे पाच वर्षं जगला, तर त्यावर वारसाकर लागत नसे. पाच वर्षं भरायला चौदा आठवडे उरले होते. कराचा दर होता ८० टक्के.

मी शेफील्डमध्ये दोन वर्षं राहिलो. तिथून चॅट्सवर्थला बस जाते, त्यामुळे तिन्ही ऋतूंत पुष्कळ वेळा गेलो. पहिल्या खेपेला सोन्याचा मुलामा दिलेल्या खिडक्या आणि रंगवलेली छतं बघून डोळे दिपले. हे चौदा आठवड्यांचं कळलं, तेव्हापासून मात्र तिथली प्रत्येक वस्तू बघताना मनात येतं, ही राहिली कशी?

वाटण्यांचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. इंग्रज उमरावांत जमीन आणि किताब थोरल्या मुलाकडे जायचा. धाकट्यांना नेमणूक मिळे किंवा सैन्य, चर्च, पार्लमेंट अशी वाट धरावी लागे. सतराव्या शतकापासून वकिलांनी दस्तऐवजच असे बांधले की प्रत्येक वारस हयातीपुरता उपभोगदार राही आणि मूळ जमीन त्याला मनाला येईल तशी विकता येत नसे. धाकट्यांवर आणि मुलींवर हा अन्यायच होता. पण इस्टेट अखंड राहिली ती त्यामुळेच.

गंमत म्हणजे सुरुवातीलाच ही रीत मोडली होती. चॅट्सवर्थची खरी मूळपुरुष एक बाई आहे, हार्डविकची एलिझाबेथ, सगळे तिला बेस म्हणतात. डर्बीशरमधल्या बेताच्या ऐपतीच्या घरातली. चार लग्नं झाली आणि चारही नवरे तिच्या आधी गेले. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीनं मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, त्या कामावरचा हा अधिकारी, आणि त्याच कामात त्याचं नशीब उघडलं. बेसच्या आग्रहानं त्यानं दक्षिणेकडच्या जमिनी विकल्या आणि तिच्या माहेरच्या मुलखात, १५४९ मध्ये, ६०० पौंडांना चॅट्सवर्थ घेतलं. १५५२ मध्ये बांधकाम सुरू झालं. पाच वर्षांनी नवरा गेला, तेव्हा त्याच्या सरकारी हिशेबात पाच हजार पौंडांहून जास्त तूट निघाली होती. बेसनं ते निस्तरलं, जमीन हातची जाऊ दिली नाही आणि वाडा पुरा केला. चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल (ड्यूकच्या खालचा किताब). स्कॉटलंडची राणी मेरी त्याच्या कैदेत होती, त्या काळात तिला अनेकदा चॅट्सवर्थला आणून ठेवत.

पुढे बेसचं थोरल्या मुलाशी, हेन्रीशी, फाटलं. वाडा वारशानं त्याच्याकडे जाणार हे ठरलेलं होतं, म्हणून सामानसुमान तिनं हार्डविकच्या आपल्या दुसऱ्या वाड्यात नेलं. तिच्या पश्चात धाकट्या विल्यमनं थोरल्या भावाकडून चॅट्सवर्थ चक्क विकत घेतलं. आजचे ड्यूक या धाकट्याचे वंशज. विल्यम १६१८ मध्ये डेव्हनशायरचा अर्ल झाला. (वाडा डर्बीशरमध्ये आणि किताब डेव्हनशायरचा, यानं मीही सुरुवातीला गोंधळलो होतो. किताबाचा त्या मुलखाशी संबंध असावाच लागतो असं नाही.)

चौथा अर्ल राजकारणात हिकमती. १६८८ मध्ये ऑरेंजच्या विल्यमला, म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या डच राजपुत्राला, इंग्लंडात येण्याचं आमंत्रण देणाऱ्या सात जणांतला तो एक. १६९४ मध्ये त्याला ड्यूक केलं. बेसचा वाडा त्यानं एकेक बाजू पाडत नव्यानं बांधला. आज दिसतं ते मुख्यतः त्याचं काम, १६८७ ते १७०७ मधलं. पुढे चौथ्या ड्यूकनं १७४८ मध्ये शार्लट बॉइलशी लग्न केलं आणि तिच्या वारशानं चिझिक हाउस, लंडनचं बर्लिंग्टन हाउस, यॉर्कशरमधलं लंड्सबरो, आयर्लंडमधला लिस्मोर किल्ला असं बरंच घरात आलं. शार्लट तेविसाव्या वर्षी वारली. घराण्याच्या इतिहासात तिला चार ओळीही मिळत नाहीत, आणि पुढच्या दोनशे वर्षांत विकायला जे हाताशी होतं, त्यातलं कितीतरी तिनं आणलेलं.

हा पैसा यायचा कुठून, तेही सांगायला हवं. शेतकरी कुळांचा खंड, आयर्लंडमधला सारा, शिसं आणि तांब्याच्या खाणी. एक्टनच्या तांब्याच्या खाणीतून पाचव्या ड्यूकला इतकं मिळालं की त्यातून त्यानं बक्स्टन गावात अर्धचंद्राकृती भव्य इमारत उभी केली. त्याची बायको जॉर्जियाना रूपासाठी आणि निवडणुकीतल्या प्रचारासाठी गाजली. जुगारात तिनं केलेलं कर्ज तिच्या मरणानंतरही फिटत होतं.

मला सगळ्यांत ओढ आहे ती सहाव्या ड्यूकच्या काळाची, कारण तेव्हा तिथे एक माळी आला. जोसेफ पॅक्स्टन, शेतकऱ्याचा मुलगा, वय २२. मे १८२६ मध्ये लंडनहून रातोरात निघून पहाटे साडेचारला पोचला. फाटक बंद. भिंत चढून आत उतरला, बाग हिंडला, सहाला माणसं कामाला लावली, कारंजी चालवून पाहिली आणि मग न्याहारीला गेला. तिथे वाड्याच्या कारभारणीची भाची सारा भेटली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

या माणसानं काचेचं असं वनस्पतिगृह बांधलं की ते मोठ्या सभागृहासारखं दिसे: सुमारे २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद. कोळशाचा धूर आणि गाड्या पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून यायचा. मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप त्यानं वाढवलं. ते १८३५ मध्ये फुललं आणि त्याला मालकाचं आडनाव मिळालं. आज जगात निर्यात होणारी बहुतेक केळी या कॅव्हेंडिश गटातली. जळगावकडे लावतात ते जी-नाईनही त्यातलंच. १८४९ मध्ये अॅमेझॉनचं महाकाय कमळ त्यानं चॅट्सवर्थला फुलवलं, आणि आपल्या लहान मुलीला त्याच्या पानावर उभं केलं. पान बुडालं नाही. पानाच्या खालच्या शिरांची रचना त्याच्या डोक्यात बसली आणि १८५१ च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, म्हणजे त्यानंच आखलेल्या काचेच्या प्रदर्शनगृहात, उतरली. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून १८४४ मध्ये सहा महिन्यांत, रात्री दिव्यांच्या उजेडात काम करून, एक कारंजं उभारलं. डोंगरावर आठ एकरांचं तळं खणलं, आणि निव्वळ उताराच्या दाबानं पाणी २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार आलाच नाही. कारंजं अजून चालतं.

हे सगळं कर्जावर चाललं होतं. मालकाला हात आवरता घ्या, जमीन विका असं सांगणारा माणूसही पॅक्स्टनच. १८४५ मध्ये लंड्सबरो इस्टेट रेल्वेसम्राट जॉर्ज हडसनला विकली. ड्यूक अविवाहित राहिला, म्हणून १८५८ मध्ये सगळं चुलत शाखेतल्या सातव्या ड्यूककडे गेलं. हा अभ्यासू माणूस. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्याच्या देणगीतली.

खरं संकट १८९४ नंतरचं, वारसाकराचं. १९०८ मध्ये आठवा ड्यूक गेला आणि घराण्याला पहिल्यांदा हा कर भरावा लागला, पाच लाख पौंडांहून जास्त. त्यासाठी नवव्या ड्यूकनं इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन यानं छापलेली दुर्मीळ पुस्तकं अमेरिकेतल्या हंटिंग्टन या संग्राहकाला विकली, पुढे लंडनचं डेव्हनशायर हाउसही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, काचघरातली झाडं मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं.

मग १९४४. थोरला वारस विल्यम यानं मे महिन्यात कॅथलीन केनेडीशी, म्हणजे जॉन केनेडींच्या बहिणीशी, लग्न केलं आणि सप्टेंबरात तो बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. कॅथलीनही १९४८ मध्ये विमान अपघातात गेली. तिची कबर वाड्याजवळच्या गावात आहे. गावाचं नाव लिहितात एडनसर आणि म्हणतात ‘एन्सर’. अशा रीतीनं धाकटे अँड्र्यू अकरावे ड्यूक झाले आणि १९५० चं बिल त्यांच्यापुढे आलं.

त्यांनी काय केलं, हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांनी निवडून सोडलं. हजारो एकर जमीन विकली. होल्बाइननं काढलेलं आठव्या हेन्रीचं मोठं रेखाचित्र, रेम्ब्रांटचं एक चित्र, दहाव्या शतकातली सचित्र पोथी अशा मोलाच्या वस्तू करापोटी सरकारजमा झाल्या. आणि बेसचं स्वतःचं हार्डविक हॉल १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, गेलं. चॅट्सवर्थ राखायला हार्डविक दिलं. मला या व्यवहारातलं हेच सगळ्यांत जड वाटतं, कारण बेस मनानं हार्डविकची होती. हिशेब मिटायला १७ वर्षं लागली.

त्याच १९५९ मध्ये अँड्र्यू आणि त्यांची पत्नी डेबोरा राहायला आले. महायुद्धात वाड्यात मुलींची शाळा होती. त्यानंतर हंगेरीहून आलेल्या दोन बहिणींनी माणसं जमवून खोल्या पुन्हा नीट केल्या होत्या. डेबोरांनी वाडा स्वतःच्या पायावर उभा केला. १९७७ मध्ये इस्टेटीतल्या मालाचं दुकान काढलं, तिकिटाचा पैसा छप्पर आणि भिंतींकडे वळवला. लोकांना आत घेणं नवं नव्हतं. १८४९ मध्ये रेल्वे जवळच्या राउझ्लीपर्यंत आली, तेव्हाच उन्हाळ्यात ८० हजार माणसं येऊन गेली होती. डेबोरांनी त्याचा रीतसर व्यवसाय केला. मी त्यांना बेसच्याच तोडीची मानतो.

आणि मालकीचं म्हणाल तर १९८१ मध्ये चॅट्सवर्थ हाउस ट्रस्ट स्थापन झाला. वाडा, बाग आणि भोवतालचं उद्यान ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं ट्रस्टकडे आहे, आणि घराणं तिथे राहतं ते ट्रस्टला भाडं भरून. त्यामुळे ‘एकाच घराण्याकडे’ हे शब्द आज तंतोतंत लागू पडत नाहीत.

कधी गेलात, तर पॅक्स्टनच्या काचघराची जागा जरूर शोधा. पायाच्या दगडी भिंती उभ्या आहेत, आणि आत १९६२ मध्ये लावलेल्या यू झाडांचा भुलभुलैया आहे. मी दर खेपेला शेवटची बस त्यातच चुकवत असे.