कटरचा गार्ड कामाला का अडतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या लाकूड चिरायच्या देशी कटरला (१० इंची टीसी, म्हणजे टंगस्टन कार्बाइड दातांचं पातं, २ एचपी मोटर) गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक आवरण, आलाच नव्हता. फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचा करून घेतला, पण कारागीर तो काढून ठेवतात. टिकेल असा कसा करावा? (कराड)

पत्र्याचा गार्ड काढला जातो याची दोन कारणं असतात: कापायची रेघ दिसत नाही, आणि अरुंद रीप काढताना ढकलायला जागा उरत नाही. दोन्हींवर उपाय आहे. पण त्याआधी पात्यामागची उभी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, बसवा. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर पट्टीच करा आणि गार्ड पुढच्या महिन्यात.

कारण असं. पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे वर उचलतात. ओली किंवा ताणातली फळी उभी चिरताना मागे काप मिटतो, फळी मागच्या दातांवर चढते आणि उलटी तुमच्या अंगावर येते. मिनिटाला २८८० फेऱ्यांवर १० इंची पात्याचे दात ताशी सुमारे १३८ किमी वेगाने फिरतात, म्हणजे हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. गार्ड बोटं वाचवतो, पण काप मिटणं थांबवते ती पट्टीच.

पट्टीची जाडी अंदाजाने ठरवू नका. व्हर्निअरने दाताची रुंदी आणि तबकडीची, म्हणजे दात सोडून उरलेल्या पात्याची, जाडी मोजा. पट्टी तबकडीपेक्षा जाड आणि दातापेक्षा पातळ हवी. दात ३ मिमी आणि तबकडी २.२ मिमी असेल तर अडीच मिमीचा पत्रा बरोबर बसतो. दाताइतकी जाड केली की फळी अर्ध्यात अडकते, मग कारागीर जोर लावतो, आणि धोका तिथेच सुरू होतो. पातं बदललं की पुन्हा मोजा. पातळ कापाची पाती आता सर्रास मिळतात, त्यांना जुनी पट्टी चालत नाही.

पट्टीची पुढची कड पात्याच्या गोलाईप्रमाणे, दातांपासून ३ ते ८ मिमी अंतरावर ठेवा. वरचं टोक सर्वांत उंच दाताच्या २ मिमी खाली असू द्या. म्हणजे खाच मारताना, जिथे पातं लाकडाबाहेर येत नाही, तिथेही पट्टी काढावी लागत नाही. गॅसने कापून घेऊ नका, पत्रा वळतो आणि पुन्हा सरळ होत नाही. लेझर कटिंगवाल्याला पुठ्ठ्याचा नमुना द्या, आणि पात्याकडच्या कडेला दोन्ही बाजूंनी कानस मारून घ्या.

पट्टी कुठे बोल्ट करायची ते मशीनवर ठरतं. बऱ्याच देशी कटरांत शाफ्ट जागेवर असतो आणि टेबल खालीवर होतं. अशा मशीनला पट्टी बेअरिंगच्या पायाशी, फ्रेमला लावा, अंतर कधीच बदलणार नाही. शाफ्ट वरखाली होत असेल तर पट्टी शाफ्टच्या ब्रॅकेटलाच हवी. टेबलाला लावली तर पातं खाली घेतल्यावर मधलं अंतर वाढत जातं. दोन एम१० बोल्ट पुरतात. एकच लावला तर पट्टी त्याभोवती फिरून पात्याला लागते.

तपासणी सोपी आहे. टाकाऊ तुकड्यात वीतभर काप घ्या, मशीन बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, आणि तोच काप पट्टीवरून सरकवा. एका बाजूला घासत असेल तर त्या बाजूचा वॉशर बदला.

आता गार्ड. पातं टेबलावर ७५ मिमी असताना टेबलाच्या पातळीवर त्याची लांबी सुमारे २३२ मिमी भरते, म्हणून गार्ड ३०० मिमी लांब, आतून ४० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच करा. दोन्ही बाजू ६ मिमी पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे रेघ दिसते, माथा १२ मिमी प्लायचा. माथ्याला लोखंड नको, चुकून दात लागला तर टीसीचा तुकडा उडतो. पुढचं नाक तिरपं कापा, म्हणजे फळी आली की गार्ड आपोआप उचलला जातो. तो मागून ४० बाय ४० मिमीच्या चौकोनी पाइपच्या हातावर टांगा. हात पात्यामागून, उजवीकडून घ्या, फ्रेमला पक्का. टांगण्यासाठी समांतर दोन पट्ट्या आणि एम८ बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा) वापरा, गार्ड उचलताना आडवाच राहतो. एकाच बिजागरीवर टांगला तर मागची बाजू दातांवर टेकते.

अरुंद रिपांसाठी: ४० मिमीपेक्षा बारीक रीप असेल तर गार्ड आणि गाइड (फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी) यांच्यामध्ये ढकलकाठी जात नाही. गाइडवर घोड्यासारखा बसणारा ढकलठोकळा करा, खालची जीभ ६ मिमी प्लायची. जीभ कधीतरी कापली जाते, तिचं कामच ते आहे. हात मात्र ठोकळ्याच्या वर राहतो. साधी ढकलकाठी किमान ४५० मिमी लांब हवी, शेवटच्या ३०० मिमीला हात काठीवर जावा.

प्रश्न: पॉलिकार्बोनेट महाग पडतं. पारदर्शक अॅक्रिलिक चालेल का? (नाशिक)

नाही. दिसायला सारखं, पण अॅक्रिलिक काचेसारखं फुटतं आणि धारदार तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट दबतं, फुटत नाही. मात्र त्याची काळजी वेगळी आहे. थिनर किंवा अॅसिटोनने पुसलं की त्यात बारीक तडे पडतात. नटबोल्ट पक्के करायचं थ्रेडलॉकर लागलं तरी तसंच होतं, म्हणूनच वर नायलॉक नट सांगितला. भोक बोल्टपेक्षा १ मिमी मोठं पाडा, भोकाचं केंद्र कडेपासून भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर असू द्या. चपट्या डोक्याचा, आत बसणारा स्क्रू वापरू नका, तो पाचरीसारखा चिरतो. भुसा स्थिर विजेने चिकटून गार्ड धुरकट होतो, रोज ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न: रंध्याच्या मशीनवर काय करावं? (रत्नागिरी)

पुलासारखा आडवा गार्ड पुरेसा आहे. १८ मिमी लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी, धारांचा संपूर्ण सिलिंडर झाकेल इतकी लांब आणि त्याहून थोडी रुंद, टेबलाच्या कडेला उंची बदलता येईल अशा खुंटावर. फळीचा सपाट भाग रंधताना ती गार्डखालून जाते आणि हात गार्डवरून ओलांडतात. कड रंधताना फळी गार्डच्या टोकापासून गाइडपर्यंतच्या फटीतून जाते. दोन्ही वेळा फळी आणि गार्ड यांच्यात १० मिमीपेक्षा जास्त मोकळी फट नको. गाइडच्या मागे उघडा राहणारा सिलिंडरही झाका, तो बहुतेक सगळे विसरतात. ३०० मिमीपेक्षा आखूड तुकडा हाताने या मशीनवर घालूच नये.

प्रश्न: बेल्ट-पुलीला अर्ध्या इंची जाळी लावली आहे. ठीक आहे का? (बार्शी)

जाळी किती दूर आहे त्यावर अवलंबून आहे. १० मिमी चौकोनी भोकाची जाळी पुलीपासून २५ मिमीवर चालते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. हा १२ मिमीच्या वर जातो, आणि तिथे अंतर एकदम १२० मिमी लागतं, कारण बोट आत खोलवर पोचतं. जागा नसेल तर १० मिमीची जाळी घ्या.

प्रश्न: वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. गार्डशी याचा संबंध आहे का? (अंबाजोगाई)

आहे, कारण वीज गेली की लोक गार्ड उचलून अडकलेला तुकडा काढतात. मोटर साध्या खटक्यावर असेल तर तो काढून डीओएल स्टार्टर (हिरव्या-लाल बटणांचा मोटर स्टार्टर) लावा. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. थांबवायचं लाल छत्रीचं बटण कॉइलच्याच सर्किटमध्ये जोडा आणि गुडघ्याच्या उंचीवर बसवा, दोन्ही हात फळीवर असताना पायाने दाबता येतं. तुकडा काढताना मात्र मेन स्विचच बंद करा.