लग्नामुंजीचे फोटो ऑनलाइन ठेवावेत की घरच्या हार्ड डिस्कवर? नातेवाइकांना त्यांची लिंक पाठवणे सुरक्षित आहे का?

दोन्हीकडे ठेवावेत, आणि त्यांतली एक जागा गावाबाहेरची असावी. घरातला लॅपटॉप आणि त्याच टेबलाच्या खणातली हार्ड डिस्क या दोन जागा नव्हेत, हे सांगलीकराला वेगळे सांगावे लागू नये. पण आमच्या घरात ते वर्षानुवर्षे सांगावे लागले.

आमचे जुने घर सांगलीच्या गावभागात आहे. घरच्या लेकीसुनांचे फोटो परक्या कंपनीच्या स्वाधीन करणे हा शुद्ध अविचार होय, अल्बम लोखंडी कपाटात आहेत आणि त्यांचा खण २००५च्या पुराच्या खुणेच्या चांगला वर आहे, असे थोरल्या बंधूंचे म्हणणे होते. मी ते अल्बम स्कॅन करून गूगल फोटोजवर चढवीत असे, त्याला ते ‘रिकामटेकडा उद्योग’ म्हणत. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, तिथे कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि २००५ची खूण पाण्याखाली राहिली. आमचे अल्बम चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेले होते. रंगीत फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि सुकताना ज्याला टेकलेला असेल त्यालाच धरून बसतो. वहिनींनी आपल्या मंगलाष्टकांच्या फोटोवरचे प्लॅस्टिक उचलले, तेव्हा अंतरपाट आणि भटजी प्लॅस्टिकबरोबर निघून आले व कागदावर मुंडावळ्यांपुरता रंग उरला. असे फोटो सुकू न देता स्वच्छ पाण्यातच हलक्या हाताने सुटे करायचे असतात, पण घरात शिरता आले तोवर ती वेळ टळली होती. बंधूंच्या दिवाणखान्यात आज जो फोटो चौकटीत लावलेला आहे, तो माझ्या खात्यातल्या प्रतीवरून छापलेला आहे. हे त्यांनी आल्यागेल्याला कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहितो.

लिंकच्या बाबतीत मात्र बंधूंची भीती अगदीच टाकाऊ नाही. अल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल तो फोटो पाहू शकतो. ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की कोणाच्या चुलतसासऱ्यापर्यंत जाईल याचा हिशेब ठेवता येत नाही. म्हणून ज्यांना दाखवायचे त्यांना नावानिशी अल्बममध्ये घ्यावे, आणि सर्वांचे पाहून झाले की लिंक बंद करावी. फोटो कोठे काढला ती जागाही फाइलमध्ये नोंदलेली असू शकते, तेव्हा लहान मुलांचे घरातले फोटो सरसकट वाटू नयेत. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो हीच मूळ प्रत समजून साठवणारे लोक मला अनाकलनीय वाटतात, कारण तेथे फोटो दाबून लहान केला जातो; मूळ प्रत हवी असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१पासून बंद झाली. आता १५ जीबी मिळतात आणि त्यांतच जीमेल व ड्राइव्हही बसवावे लागते. फोनवरच्या त्या ॲपमधून फोटो काढून टाकला तर तो ऑनलाइन खात्यातूनही जातो, म्हणून हार्ड डिस्कवरची प्रत हवीच. गूगलच्या टेकआउट या सोयीने सगळे फोटो एकदम उतरवून घेता येतात. दोन वर्षे न वापरलेले खाते कंपनी काढून टाकू शकते. मात्र आपल्या पश्चात खात्यातले फोटो कोणाला उतरवून घेता यावेत त्यांची नावे त्यातच आधी देऊन ठेवता येतात. मी वहिनींचे आणि पुतणीचे नाव दिले आहे. बंधूंनी आपले का नाही असे विचारले, तेव्हा फोटो परक्या कंपनीकडे असल्याची त्यांना आठवण करून दिली.