निसर्ग आणि देशप्रेम या दोन्हींवर पोसलेला कवी कोण? त्याचं आयुष्य कसं होतं?

माझं उत्तर बा. भ. बोरकर. गोव्याची माणसं त्यांना बाकीबाब म्हणतात.

जन्म 30 नोव्हेंबर 1910, कुडचडे. मूळ गाव मात्र जुवारी नदीकाठचं बोरी, आणि त्यांच्या कवितेतलं पाणी, माड, पाऊस सगळं तिथलंच. पोर्तुगीज अमदानीत ते शाळामास्तर होते. कवितेवर भा. रा. तांब्यांचा संस्कार होता. संसार, नोकरी, कविता असं आयुष्य चाललं होतं.

18 जून 1946 रोजी मडगावात राम मनोहर लोहियांनी बंदी झुगारून सभा घेतली आणि गोव्यात मुक्तिलढ्याची ठिणगी पडली. बोरकरही त्या लढ्यात उतरले. पुढच्याच वर्षी त्यांचा कवितासंग्रह आला, त्याचं नाव 'दूधसागर'. गोव्यातल्या धबधब्याचं नाव! मला बोरकर कळले ते इथे. त्यांचं देशप्रेम घोषणेतून आलेलं नाही, ते त्या मातीच्या ओढीतून आलंय.

'माझ्या गोव्याच्या भूमीत' ही कविता एकदा सावकाश वाचा. मधासारखे नारळ, कड्याकपारींतून फुटणारे दुधाचे घट, आंब्याफणसांच्या राशी, दारापुढे कोसळणाऱ्या पावसाच्या सोन्याचांदीच्या धारा. आणि मध्येच साळीचा भात, तो आईच्या मायेने वाढणारा हात. मी प्रत्येक वेळी त्या हातापाशी थांबतो. तो हात ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्याला ही भूमी दुसऱ्याच्या ताब्यात कशी पाहवेल?

पुढे त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, पुण्याला आणि पणजीला. गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 ला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचा कोकणी संग्रह 'पांयजणां' आला होता. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यांच्या आपल्याच. गोव्यात भाषेवरून एवढी भांडणं झाली, त्या पार्श्वभूमीवर मला हे फार मोलाचं वाटतं. 1967 मध्ये पद्मश्री मिळाली, 1981 मध्ये कोकणी 'सासाय'साठी साहित्य अकादमी पुरस्कार. गांधीजींवरचं 'महात्मायन' मात्र अपुरं राहिलं. 8 जुलै 1984 ला ते गेले.

सुरुवात करायची तर 'आनंदभैरवी' किंवा 'चित्रवीणा' हा कवितासंग्रह घ्या, आणि मोठ्याने वाचा. बोरकर स्वतः कविता गाऊन म्हणत, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे त्यांच्या कवितांचे जाहीर वाचनाचे कार्यक्रम करत. नुसत्या डोळ्यांनी वाचली तर निम्मी कविता कागदावरच राहते.