वकीलताईंना विचारा: लॉ सीईटी यंदा देऊ की थांबू?

या महिन्यातली निम्मी पत्रं लॉच्या एन्ट्रन्सची आहेत, आणि बहुतेकांचा सूर एकच, अभ्यास झालेला नाही, देऊ की नको. त्यातली तीन घेतलीयेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न: वकीलताई, मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे, तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायचीये. पण सेम ६ आणि सीईटी मागेपुढेच येणार, त्यात सेम ४ ची एक केटी (नापास राहिलेला विषय) अजून राहिलीये. आई म्हणते एक वर्ष थांब, नीट अभ्यास करून दे. मैत्रिणीने क्लास लावलाय, मी घरीच करतेय. परवा पहिल्यांदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवला तर १२० पैकी ५८. शाळा मराठी मीडियमची, त्यामुळे पेपर मराठीतून देऊ की इंग्लिशमधून तेही ठरत नाहीये. काय करू?
– ५८ वाली, डोंबिवली

उत्तर: अगं, यंदा दे. आईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की परीक्षेला बसणं आणि ॲडमिशन घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आपण उगाच त्यांची गाठ मारून ठेवतो. सीईटीला वयाची अट नाही, मार्क कमी पडले तर कुठे शिक्का बसत नाही, आणि यंदाचा स्कोअर यंदापुरताच असतो, पुढच्या वर्षी पुन्हा कोरी पाटी. जास्तीत जास्त काय जाईल, फॉर्मची फी आणि एक दिवस. त्या बदल्यात खरं सेंटर, खरा कॉम्प्युटर, खरी धडधड बघायला मिळते, ती घरच्या मॉकमध्ये मिळत नाही.

थांबायचंच असेल तर कारण अभ्यास नाही, कारण तुझी ती केटी आहे. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना सीईटीला बसता येतं, पण ॲडमिशनच्या वेळी, म्हणजे कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेश फेरीला) कागद तपासतात तेव्हा, पदवी पास झाल्याचा निकाल हातात असावा लागतो. ओपनला पदवीला किमान ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. सीईटीत ११० काढलेस आणि सेम ४ अडकलेली राहिली तर त्या ११० ची भजीच खायची. म्हणून आधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार की केटीचा पेपर कधी आणि त्याचा निकाल साधारण कधी लागतो. खिडकीवरचे काका पहिल्यांदा 'नोटीस बोर्ड बघा' म्हणतील, तरी उभी राहा. केटी सुटली की मग सीईटीची काळजी कर. आणि सीईटीच्या तारखेवर डोळे मिटून प्लॅन बांधू नकोस, तीन वर्षांची सीईटी २०२४ मध्ये मार्चमध्ये झाली आणि २०२५ मध्ये मे महिन्यात, तारीख अशी सरकते. सेम ६ ला धक्का लागणार नाही असं टाइमटेबल कर, सीईटी पुढे गेली तर तो बोनस.

आता ते ५८. मला एक सांग, किती प्रश्न कोरे सोडलेस? माझी पैज आहे, वीस-पंचवीस तरी. या सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही गं! चार पर्यायांत नुसतं डोळे मिटून टिचकी मारली तरी चोवीस प्रश्नांत सरासरी सहा बरोबर येतात, म्हणजे तुझे ६४ तर बसल्या जागी झाले. १२० प्रश्न, १२० मिनिटं, एका प्रश्नाला एक मिनिट, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी मारून ठेवायला, ही सवय आजपासून लाव.

मी स्वतः एलएलबीला गेले तेव्हा ही सीईटीच नव्हती, २०१६ ला सुरू झाली, आमच्या वेळी ग्रॅज्युएशनच्या टक्क्यांवर यादी लागायची आणि ती बघायला चर्चगेटला जायचं, बोर्डासमोर एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून. त्यामुळे मी जे सांगतेय ते भाचीला शिकवताना शिकले. तिला घेऊन मी तीन महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले होते आणि सगळ्यात जास्त भांडणं लीगल रीझनिंगवर झाली. त्यातलं एक छत्रीचं.

पावसाळ्यातली लोकल. 'अ' ने उतरताना रॅकवरची काळी छत्री उचलली, आपलीच समजून, ती निघाली 'ब' ची. वर तत्त्व दिलेलं: दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने हलवली तर ती चोरी. मग चोरी झाली का? भाची छातीठोकपणे म्हणाली झाली, छत्री गेली ना बिचाऱ्याची! पण तत्त्वात लबाडीचा इरादा मागितलाय आणि 'अ' ला तर छत्री दुसऱ्याची आहे हेच माहीत नाही, म्हणजे चोरी नाही. मग ती पुढे निघाली, आणि घरी गेल्यावर कळलं तरी ठेवून घेतली तर? प्रश्न झकास आहे, त्याला कायद्यात वेगळं नाव आहे, अपहार, पण पेपरात ते विचारलेलंच नाहीये ना, मग तिकडे जायचं नाही. न्याय करायची खुमखुमी ज्यांना जास्त असते त्यांचे या सेक्शनमध्ये मार्क जातात, हे मी अगदी डोळ्यांनी बघितलंय. दिलेलं तत्त्व, दिलेली हकिकत, बस्स. एकेक शब्द बोटाने दाखवत वाच, 'इराद्याने', 'संमतीशिवाय', 'ताब्यातली', आणि यातला एखादा शब्द हकिकतीत सापडला नाही की उत्तर तिथेच असतं.

क्लासचं काय, तर भाचीला आम्ही सुरुवातीला एका क्लासला घातलं होतं, नाव सांगत नाही, फी घेतली घसघशीत आणि जी जीकेची पुस्तिका हातात दिली त्यात खून म्हणजे कलम ३०२ आणि फसवणूक ४२०. अहो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीये, खून आता १०३ आणि फसवणूक ३१८! आमच्या कोर्टाच्या कँटीनमध्ये अजून सगळे तीनशेदोनच म्हणतात तो भाग वेगळा, पेपरात तसं चालणार नाही. म्हणून फाउंटनच्या फूटपाथवरून जुनं गाईड आणायचं तर इंग्लिश आणि लॉजिकलसाठी खुशाल आण, व्होकॅब्युलरी शिळी होत नाही. जीके आणि लीगलसाठी जुनं पुस्तक घेऊ नकोस. जीकेला रोज एक पेपर आणि एक शंभर पानी वही, दिवसाला आठ-दहा ओळी, आणि दर रविवारी ती वही उलटी वाचायची, शेवटच्या पानापासून. तुमच्या डोंबिवली फास्टमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी हे एका हाताने होतं. घरी करतेयस ते उत्तम चाललंय, मैत्रिणीच्या क्लासकडे बघून घाबरू नकोस, फक्त त्यांची मॉक टेस्ट सुटी विकत मिळत असेल तर ती घे. परीक्षेपर्यंत पंधरा तरी पूर्ण पेपर झाले पाहिजेत, आणि पेपर सोडवायला जेवढा वेळ तेवढाच चुका बघायला, नाहीतर नुसता आकडा वाढतो, मार्क नाही.

मराठी की इंग्लिश, याचा निकाल घरी लाव. लीगलचा एक सेक्शन मराठीतून सोडव, तसाच दुसरा इंग्लिशमधून, आणि मिनिटं मोज. मराठी मीडियमच्या मुलांना वाटतं मराठी सोपं जाईल, पण कायद्याचं मराठी आपण घरी बोलतो ते नाही, टॉर्टला अपकृत्य, कन्सिडरेशनला प्रतिफल, आणि तू तीन वर्षं बी.कॉम.ला बिझनेस लॉमध्ये कन्सिडरेशनच वाचलंयस. इंग्लिश भाषेचा सेक्शन तर तसाही इंग्लिशमध्येच असणार. माझा कल तुझ्यासाठी इंग्लिशकडे आहे, पण घड्याळ उलटं सांगत असेल तर घड्याळाचं ऐक.

आणि कागद. रिझर्व्हेशनमधून फॉर्म भरणार असशील तर जातीचा दाखला असून भागत नाही, पडताळणी समितीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट लागतं आणि त्याला वेळ लागतो, आणि नॉन-क्रीमी लेयरवरची तारीख बघ, ३१ मार्चला संपतं ते, ॲडमिशन जून-जुलैच्या पुढे चालते म्हणजे पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंतचं हवं. डोमिसाइल काढलेलं नसेल तर उद्याच कामाला लाग. दहावीच्या मार्कशीटवर नाव जसं आहे तसंच फॉर्मवर, एका वेलांटीचाही फरक नको.

यंदा स्कोअर बरा आला आणि केटी सुटली तर घे ॲडमिशन. गव्हर्नमेंट लॉ कॉलेज लागलं नाही म्हणून वर्ष सोडणारी मुलं मला पटत नाहीत. मान्य, १८५५ चं कॉलेज आहे, बाबासाहेब तिथे प्रिन्सिपॉल होते, कुणाला नको असेल. पण फोर्टचं सिद्धार्थ, वडाळ्याचं आंबेडकर कॉलेज इथून निघालेले वकील रोज माझ्यासमोर उभे राहतात आणि मला हरवतातसुद्धा. फक्त राउंडमध्ये घाबरून, रोज जायला दोन तास लागतील असं कुठलंतरी कॉलेज भरू नकोस.

प्रश्न: मॅडम, मुलगा अकरावी सायन्सला आहे, आता म्हणतो वकील व्हायचंय, नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींची एन्ट्रन्स, क्लॅट द्यायची. क्लॅट डिसेंबरात, बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. बारावी झाल्यावर एक वर्ष घरी बसून दिलेली बरी का? सायन्स घेतल्याने नुकसान झालं का?
– एक आई, मुलुंड

उत्तर: सायन्सने काही बिघडलेलं नाही, शाखा कुठलीही चालते, बारावीला ओपनला ४५ टक्के लागतात एवढंच. आणि त्याच्या हातात अजून वर्षाच्या वर वेळ आहे, तुम्ही आत्ताच ड्रॉपचं बोलू नका, पोरांना ते वाक्य ऐकलं की अभ्यास पुढे ढकलायला कारण मिळतं. बारावीत असतानाच डिसेंबरला बसू दे.

क्लॅटचा स्वभाव मात्र सीईटीपेक्षा वेगळा आहे. इथे पण १२० प्रश्न आणि दोन तास, पण कागदावर, ओएमआर शीटवर गोळे काळे करायचे, आणि जवळजवळ सगळं साडेचारशे शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर, गणितसुद्धा (ते दहावीपर्यंतचंच आहे, सायन्सवाल्याला चटणीसारखं). आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. थोडक्यात ही वाचायची परीक्षा आहे. मुलगा रोज एक अग्रलेख फोन बाजूला ठेवून वाचतो का, एवढं फक्त बघा. मराठी चालेल, इंग्लिश रोज एक हवाच. वाचत नसेल तर वर्षभर घरी बसवूनही फरक पडणार नाही.

ऑक्टोबरपर्यंत दोन्ही बरोबर चालू दे, नोव्हेंबर क्लॅटला, आणि पेपर झाला त्या संध्याकाळी क्लॅटची पुस्तकं माळ्यावर टाकून बोर्ड. बोर्ड झालं की आपल्या राज्याची पाच वर्षांची सीईटी आहेच, तिथे तोच अभ्यास कामाला येतो, फक्त तिथे निगेटिव्ह नाही हे त्याला दहा वेळा सांगा, कारण क्लॅटवाली मुलं प्रश्न कोरा सोडायची सवय घेऊन तिकडे जातात. पवईचं महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, तिन्हीकडे ॲडमिशन क्लॅटवर, आणि महाराष्ट्राच्या डोमिसाइलवाल्यांना राखीव जागा आहेत, तेव्हा मुलाचं डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा. ड्रॉपचा विषय निकालानंतर. थोडक्यात हुकली असेल आणि त्याला स्वतःला पुन्हा द्यायची असेल तर बोलू, तुम्हाला वाटतं म्हणून नको.

प्रश्न: नमस्कार. वय ४१, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो, विरारला राहतो. वकिली करायची इच्छा जुनी आहे. या वयात सीईटी देता येईल का, आणि संध्याकाळचं लॉ कॉलेज मुंबईत कुठलं चांगलं?
– उशीर झालेला

उत्तर: सीईटी बिनधास्त द्या, वयाचा प्रश्न नाही. जीकेत तुम्ही या पोरांना सहज मागे टाकाल, लॉजिकलला थोडा गंज काढावा लागेल.

अडचण पुढे आहे. पूर्वीसारखी रात्रीची लॉ कॉलेजं आता नाहीत, बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळात घ्यायचे आणि हजेरी ७० टक्के. 'हजेरीचं बघून घेऊ' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या भरवशावर तीन वर्षांची फी भरू नका, माझ्याकडे अशी रडत आलेली माणसं आहेत. मुंबईत सकाळची लेक्चर असलेली कॉलेजं आहेत, तिथून अकरापर्यंत ऑफिस गाठणारे लोकही आहेत, पण ते दादर-परळचे, विरारचे कमी. आणि वकिलीची सनद घेताना पूर्ण वेळ पगाराची नोकरी चालत नाही, म्हणजे एक दिवस ती सोडायचीच आहे. घरी हे आत्ता बोलून ठेवा.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. पंधरा दिवस पहाटेची अशी लोकल पकडा की आठ वाजता चर्चगेटला उतराल, तिथे कुठेतरी बसून चाळीस प्रश्न सोडवा, मग ऑफिसला जा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर जेवण झालं की अर्धा तास वाचा. सोळाव्या दिवशी मला लिहा, किती दिवस जमलं ते. त्यावर कॉलेजचं बोलू.