पीडीओ झालेल्या पोरीला

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

पंचायत विकास अधिकारी (पीडीओ) म्हणून निपाणी तालुक्यातच नेमणूक झाल्याचं कळलं. घराजवळ आहेस म्हणून तुझी आई खूश असेल. मला नेमकी त्याचीच काळजी वाटते, ते पुढे लिहितो.

पंचायतीत बसलीस की आठवड्याभरात दोन वाक्यं तोंडात बसतील: ‘वरून आलं नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’. पुष्कळदा ती खरीही असतात, त्यामुळे खोट्या वेळीही खपून जातात. आपल्याकडे कर्नाटकात सरकारी कामं मुदतीत करून देण्याचा २०११ चा सकाल कायदा आहे. मुदतीत काम झालं नाही तर अर्जदाराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, आणि ते जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून. रक्कम किरकोळच, पाचशेत निपाणीत दोघं नीट जेवत नाहीत. पण ती पंचायतीच्या खात्यातून न जाता एका माणसाच्या खिशातून जाते, हे मला पटतं. म्हणून अर्ज आला की पोच आणि सकालचा नंबर हातात दे. नुसतं ‘बघू’ म्हणून परत पाठवलेल्या अर्जाची मुदत सुरूच होत नाही. हे ठाऊक असल्यामुळेच ‘बघू’ म्हणणारे हुशार लोक तुला भेटतील. फाइल कशी लावायची ते त्यांच्याकडून जरूर शीक, हे मात्र शिकू नकोस.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेनं काय केलं ते तू पाहिलंयस. यमगर्णीजवळ हायवेच पाण्याखाली होता. नंतर पडलेल्या घरांचा सर्व्हे झाला. ए, बी, सी अशी वर्गवारी, आणि पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख. खालच्या अक्षराला त्याहून कितीतरी कमी. म्हणजे अक्षर लिहिणाऱ्याच्या हाती एका कुटुंबाचं छप्पर. असं पथक पुन्हा निघेल तेव्हा त्यात तूही असशील. तेव्हा लक्षात ठेव, मातीची भिंत बऱ्याचदा पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, ऊन लागलं की बसते. पहिल्या दिवशी ‘सी’ लिहिलेलं घर आठवड्यानं जमीनदोस्त झालेलं असू शकतं. नियमानं तुझं काम पहिल्या दिवशीच संपलेलं असेल, कुणी जाबही विचारणार नाही. तरी पुन्हा जा. भिंतीला हात लावून बघ, फोटो काढ, शेरा बदलून दे. बदलायला वरचे कुरकुरतील, तेव्हा लेखी दे. तुला ते दिसतं आणि लिहिता येतं. त्या घरातल्या म्हातारीला फक्त सोसता येतं.

घराजवळच्या नोकरीचं म्हणत होतो. ‘आपली पोरगी साहेब झाली’ म्हणून पहिला हार घालतील ते भावकीतले. महिन्याभरानं तेच घरफाळ्याची थकबाकी घेऊन येतील, नाहीतर वाटणीच्या वादातल्या घराचा उतारा एकट्याच्या नावावर मागतील. मराठी म्हणून हक्क सांगणारे येतील, त्यांच्यामागून कन्नड म्हणून संशय घेणारे येतील. दोघांनाही चहा दे. पण ज्याच्यासाठी कुणाचाच फोन येत नाही, त्याचा अर्ज त्या दिवशी वर ठेव. मेंबरचा माणूस कसाही काम करून घेतोच. दारात चप्पल काढून आत येणारा तंबाखूच्या वखारीतला मजूर मात्र तुझ्याशिवाय कुणाच्या भरवशावर आलेला नसतो.

भाषेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आपल्याकडे भाषणं फार होतात. कारभार कन्नडमध्ये चालतो आणि तुझं कन्नड चांगलं आहे. पण नोटीस हातात घेऊन येणारी कितीतरी माणसं त्यातली ओळही वाचू शकत नाहीत. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. म्हणून मराठीत लिहिलेली तक्रार परत करू नकोस, आणि तुझ्या सहीनं गेलेली नोटीस तूच वाचून दाखव. शिपायाला सांगू नकोस. तो ‘काय नाही, सही कर’ म्हणतो आणि माणूस अंगठा उठवतो. सीमाप्रश्न कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. दोन मिनिटं वाचून दाखवायला कुठल्या निकालाची गरज नाही.

हे सगळं करताना तुझी बदली होऊ शकते. खोटा दिलासा देत नाही.

एक काम मात्र आत्ताच कर. जूनच्या आत नदीकाठची सगळी घरं पायी फिरून बघ. प्रत्येक घराचे बाहेरून-आतून फोटो काढ, तारखेसकट. भिंत मातीची की विटांची, राहतं घर की गोठा, उतारा कुणाच्या नावावर, हे वहीत टिपून ठेव. पुरानंतर ‘इथं घर नव्हतंच’ असं कुणी म्हणालं की ती वही लागते. सोबत वॉटरमनला, म्हणजे गावात पाणी सोडणाऱ्याला, ने; त्याला गावातला प्रत्येक उंबरा माहीत असतो. आणि दुपारी बारानंतर फिरू नकोस, मे महिना आहे.

तुझा,
काका