आधी भाकर, मग वचन

सलाम ताई,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. मी एकावरच ठाण मांडणार आहे.

तुम्ही लिहिता, "आमच्या टोरांटोच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतली मैत्रीण चार महिने उपासनेला येत नाही. म्हणते, प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मी रोज सकाळी तिला बायबलमधलं एक वचन पाठवते. परवा तिने ग्रुपच सोडला."

ताई, चार महिने रोज, म्हणजे शंभराच्या वर वचनं झाली. तिच्या घरी किती वेळा गेलात, ते पत्रात कुठेच नाही. आपली मंडळी ती केवढीशी! एक खुर्ची रिकामी राहिली की सगळ्यांना दिसते, आणि हे तिलाही ठाऊक असतं. त्यात रोजचं वचन म्हणजे तिच्या लेखी हजेरीच.

बायबलात १ राजे, अध्याय १९ काढा. "आता पुरे, माझा प्राण घे," म्हणून संदेष्टा एलीया झुडपाखाली पडतो. देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे करतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो, तर पुन्हा उठवून खायला घालतो. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देव त्याला विचारतो तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर बरे होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आमच्या सासूबाई दुःखाच्या घरी निघाल्या की पिशवीत बायबल तळाशी आणि डबा वर. आमच्याकडे अजून तोच क्रम आहे.

तेव्हा वचनं थांबवा. "काही लागलं तर सांग" असंही लिहू नका. खचलेल्या माणसाला काय मागावं हे सुचायलाही बळ लागतं. असं लिहा: "गुरुवारी सहाला वरणभात घेऊन येते, अर्धा तास बसेन. नको असेल तर तसं कळव." सहा आठवडे तोच वार, तीच वेळ. बरोबर फौज नेऊ नका. आणि तिला न विचारता तिचं नाव "प्रार्थनेचा विषय" म्हणून मंडळीत काढू नका. आपल्याकडे निम्म्या चहाड्या याच दाराने बाहेर पडतात.

निघताना "प्रार्थना करू का?" असं विचारा. नाही म्हणाली तर चप्पल घाला. हो म्हणाली तर दोनच वाक्यं, तीही तिच्याच शब्दांत: "प्रभू, हिला तू भिंतीसारखा वाटतोस." वाचायचंच झालं तर स्तोत्र १३, मराठीतूनच, सहाच ओव्या, त्यातल्या पहिल्या दोनांत चार वेळा "किती वेळ?" आहे. तेही जड गेलं तर ८८. ते अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहे.

सहा आठवड्यांत ती उपासनेला आली नाही म्हणून हिरमुसू नका. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर! पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पूर्ण केलं ते याच बाईंनी.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण तुटलंय, कशातच मन लागत नाही, असं असेल तर फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या आणि तिला गाडीतून घेऊन जा. "प्रार्थना कमी पडली" हे तिथे बोलायचं नाही. जगण्याला कंटाळल्याचं बोलली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. कॅनडात आणि अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ या नंबरांवर दिवसरात्र माणूस भेटतं. जीव धोक्यात असेल तर थेट ॲम्ब्युलन्स.

उरलेलं थोडक्यात. मुलगा मराठी उपासनेत कंटाळतो, तर त्याला तबल्यावर बसवा. वर्गणीचं खजिनदारांना विचारा, मला नाही.

आणि हो, डबा स्टीलचाच न्या, झाकणावर नाव घातलेला, आणि परत मागू नका. द्यायच्या निमित्ताने कधीतरी तीच तुमची बेल वाजवेल.