डोक्याची लांबी आणि अंगाची उंची मोजून महसीरची जात नक्की ठरवता येते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भीमेच्या एका उपनदीतून कोळ्यांनी काढलेले चौदा लहान-मोठे महसीर (नदीतले मोठ्या खवल्यांचे मासे) तुम्ही व्हर्निअर कॅलिपरने मोजलेत. पुस्तकातल्या ओळखतक्त्यात लिहिलंय की डोकं अंगाच्या उंचीपेक्षा (पाठीपासून पोटापर्यंतच्या मापापेक्षा) लांब असेल तर टॉर पुतितोरा, आखूड असेल तर टॉर टॉर, आणि दोन्ही जवळपास सारखी असतील तर टॉर खुद्री. त्या नियमाने तुमच्याकडे पाच पुतितोरा, सहा खुद्री आणि तीन टॉर निघाले. एकाच डोहात तीन जाती कशा, की मोजण्यात चूक झाली, असा तुमचा प्रश्न आहे.

मी महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते आणि गोड्या पाण्यातले मासे मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझ्या मते तुमच्याकडे तीन जाती नाहीत. एकच असावी, आणि ती आपली खडशी, म्हणजे टॉर खुद्री.

आधी एक काम करा. चौदाही मासे लांबीच्या क्रमाने लावा, सर्वात लहान वर आणि सर्वात मोठा खाली, आणि प्रत्येकापुढे तक्त्याने दिलेलं नाव लिहा. बहुतेक असं दिसेल की वरचे सगळे पुतितोरा आहेत, मधले खुद्री आणि खालचे टॉर. तसं दिसलं तर तुम्ही जाती मोजल्या नाहीत, वय मोजलं. माशाचे सगळे अवयव एकाच वेगाने वाढत नाहीत. पिल्लाचं डोकं आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे असतात. वाढताना धड लांबतं, पाठ-पोट भरतं आणि डोकं त्या मानाने मागे पडतं. त्यामुळे बोटभर पिल्लाचं डोकं अंगाच्या उंचीपेक्षा लांब भरतं आणि त्याच जातीच्या हातभर माशाचं आखूड. तक्त्यातलं वाक्य साधारण सारख्या आकाराच्या, पूर्ण वाढलेल्या माशांनाच लागू पडतं, पण ही अट तक्ता देताना बहुतेक वेळा लिहिलेली नसते.

आता मोजण्याबद्दल, कारण इथे एका मिलिमीटरने नाव बदलतं. समजा एका माशाची प्रमाण लांबी (थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत) ८४ मिमी आहे, डोकं २४ आणि अंगाची उंची २३. तक्ता म्हणेल पुतितोरा. पण डोकं मोजताना तुम्ही कल्ल्याच्या झाकणाच्या हाडापाशी थांबलात, की त्याच्या कडेला असलेल्या मऊ पडद्यासकट मोजलंत? हाडापाशी थांबलात तर डोकं २३ भरेल आणि मासा खुद्री होईल. त्यातच त्याचं पोट भरलेलं असेल, तर उंची २४ होईल आणि तोच मासा टॉर टॉर. एका माशाला तीन नावं, आणि तिन्ही वेळा व्हर्निअर बरोबरच होता.

मला हे फार जड जाऊन समजलं. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या एका सहकारी मैत्रिणीने मिळून एका ओढ्यातल्या खवली या छोट्या माशांची मापं घेतली, अर्धे मासे तिने मोजले, अर्धे मी. आलेखावर ठिपक्यांचे दोन स्वच्छ वेगळे पुंजके आले आणि आम्ही दोन दिवस नवी जात सापडल्याच्या आनंदात होतो. मग वहीत पाहिलं, तर एका पुंजक्यातले सगळे मासे तिचे आणि दुसऱ्यातले सगळे माझे. ती डोकं पडद्यासकट मोजत होती, मी हाडापर्यंत. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मापाच्या शेजारी मोजणाऱ्याचं नाव लिहितात, आणि पाचातला एक मासा दुसऱ्या दिवशी, आधीचा आकडा न पाहता, परत मोजतात. दोन वेळच्या मापांतला फरक दोन 'जातीं'मधल्या फरकाएवढा असेल, तर त्या मापावर काहीच ठरवता येत नाही.

प्रमाण लांबी कुठे संपते, हेही तुम्ही नीट पाहिलं असेल अशी आशा आहे. मासा नेहमी सारखाच ठेवायचा, डावी कूस वर आणि डोकं डावीकडे. शेपटीचा पर हलकेच बाजूला वाकवा. शेपटीच्या मुळाशी कातडीला एक उभी घडी पडते. पाठीचा कणा तिथे संपतो. थोबाडाच्या टोकापासून त्या घडीपर्यंत प्रमाण लांबी, शेपटीच्या परातलं काही त्यात नाही. परांची टोकं तुटतात, झिजतात, म्हणून एकूण लांबीवर भरवसा ठेवत नाहीत. उंची मोजताना व्हर्निअरचे जबडे नुसते टेकवायचे, पोट दाबायचं नाही. आणि मासे ताजे मोजलेत की फॉर्मॅलिनमधले, हे लिहून ठेवा. फॉर्मॅलिन आणि नंतर अल्कोहोलमध्ये मासा आकसतो, म्हणून ताज्याची तुलना बाटलीतल्याशी करायची नाही.

जुन्या पुस्तकांतले आकडे घेताना आणखी एक ठेच लागते. फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ मध्ये आलेल्या भारतीय माशांवरच्या ग्रंथात 'डोकं एकूण लांबीच्या इतकाव्या भागाएवढं' अशी मापं आहेत, आणि तिथे लांबीत शेपटीचा परही धरलेला आहे. आज आपण प्रमाण लांबीची टक्केवारी काढतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर तुमचा प्रत्येक मासा डे यांच्या माशापेक्षा मोठ्या डोक्याचा वाटेल. दरवर्षी एखाद्या तरी प्रबंधात मला ही गफलत दिसते.

मग मापं निरुपयोगी आहेत का? अजिबात नाही. ती वाचायची पद्धत बदला. गुणोत्तर काढून थांबण्याऐवजी आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर प्रमाण लांबी आणि उभ्या अक्षावर डोक्याची लांबी घ्या. चौदाही ठिपके एकाच तिरक्या रेषेभोवती बसले तर जात एक धरायला हरकत नाही. दोन रेषा वेगळ्या दिसल्या, म्हणजे त्याच लांबीचे मासे काही वर, काही खाली पडले, तर मात्र लक्ष द्या. संगणकावर करायचं असेल तर मापांचे लॉग घेऊन मुख्य घटक विश्लेषण (अनेक मापांतला फरक थोड्या घटकांत गोळा करणारी पद्धत) करा, पण त्यातला पहिला घटक बहुतेक वेळा नुसता आकारच सांगतो. स्ट्रॉस आणि बुकस्टीन यांनी १९८२ मध्ये सुचवलेली ट्रस पद्धतही चांगली आहे. तिच्यात अंगावरच्या ठरावीक खुणा जोडून आडव्या, उभ्या, तिरक्या मापांची जाळी करतात, त्यामुळे नुसत्या डोके-शेपटीच्या लांबीत न सापडणारा बांध्यातला फरक हाती लागतो. एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: चौदा मासे, वीस मापं आणि आधीच तीन नावं देऊन केलेलं डिस्क्रिमिनंट विश्लेषण. मासे कमी आणि मापं जास्त असली की तीन गट सांगितल्यावर ते तीन गट वेगळे करून दाखवतंच.

आकारमानाचा हिशोब झाला तरी मासा कुठल्या पाण्यात वाढला याचा परिणाम उरतोच. स्वीडनमधल्या क्रूशियन कार्पचं उदाहरण मी प्रत्येक वर्गाला सांगते. ब्रोनमार्क आणि मायनर यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ज्या तळ्यात पाइक हा शिकारी मासा असतो, तिथे याच कार्पचं अंग उंच होत जातं, इतकं की तो पाइकच्या जबड्यात मावत नाही. पाइक नसलेल्या तळ्यात तीच जात सडपातळ राहते. जात तीच, फक्त शेजारी बदलला. आता धरणाच्या साठ्यात खाऊन गलेलठ्ठ झालेली खडशी आणि वाहत्या रांजणखळग्यात वाढलेली खडशी शेजारी ठेवून नुसत्या उंचीवरून नावं देणं किती धोक्याचं आहे, ते तुमच्या लक्षात येईल. महसीरचे जाड ओठ आणि हनुवटीचा मांसल लोंबही असेच. एकाच नदीत काहींचे जाड, काहींचे साधे.

म्हणून मापांच्या जोडीला मोजदाद करा. अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेघेवरचे खवले, पाठीच्या परातल्या काड्या, मिशांच्या जोड्या हे आकडे मासा मोठा झाला म्हणून बदलत नाहीत. मरळीच्या गोतावळ्यात नुसत्या काड्या मोजून काम होतं: चन्ना गाचुआच्या पाठीच्या परात साधारण ३२ ते ३७, चन्ना मारुलियसच्या ४५ ते ५५, मध्ये गोंधळाला जागाच नाही. महसीरचं तसं नाही. तिथे खवल्यांचे आकडे जातीजातींत एकमेकांवर चढतात, आणि म्हणूनच जुन्या अभ्यासकांना डोकं आणि उंचीच्या गुणोत्तराचा आधार घ्यावा लागला. तरी मोजाच, कारण दुसऱ्या प्रजातीचा (जवळच्या जातींच्या दुसऱ्या गटातला) मासा चुकून महसीरमध्ये आला असेल तर तो इथेच पकडला जातो.

ही चूक कुठवर जाते ते सांगते, कारण तिची सुरुवात आपल्याच नद्यांवर झाली. मुंबई सरकारच्या नोकरीत राहिलेल्या कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यांनी कोळ्यांच्या तोंडची मराठी नावंच शास्त्रीय नावांत घेतली: खुद्री, मसाळा, कोळस, पोटेल, मल्या. खुद्री पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत, मसाळा शिरूरजवळ घोड नदीत. मसाळा पाठीला उंच. पुढे तोही महसीरच, असं धरून टॉर प्रजातीत गेला, आणि कावेरीतल्या प्रचंड, कुबड असलेल्या महसीरलाही तेच नाव लावलं गेलं. २०१३ मधल्या फेरतपासणीत मसाळा हिप्सेलोबार्बस या वेगळ्याच प्रजातीत गेला. मग कावेरीतला तो मासा कोण? २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचं स्पष्ट झालं आणि त्याच वर्षी त्याची नोंद नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत झाली. तोवर कित्येक वर्षं लोणावळ्याला तयार झालेलं खुद्रीचं बीज कावेरीत सोडलं जात होतं. महसीर वाचावा म्हणूनच सोडलं जात होतं. तिथला महसीर वेगळा आहे हे नीट ठरलेलंच नव्हतं, आणि बाहेरून आलेल्या खुद्रीने त्याची जागा घेत नेली. ओळख पटवणं हे कागदी काम आहे असं कोणी म्हणालं की मला हेच आठवतं.

तुमच्या डोहाबद्दल म्हणूनच दोन गोष्टी शोधून काढा. एक, वरच्या धरणात मत्स्यबीज सोडलं होतं का आणि कुठून आणलं. टॉर टॉर हा नर्मदेकडचा आणि पुतितोरा हिमालयाच्या पायथ्याचा. भीमेत ते आपणहून येणार नाहीत, पण डब्यातून येऊ शकतात. बीज सोडलं असेल तर मी वर म्हटलेलं 'एकच जात' थोडं मागे घेईन, कारण मग संकरही शक्य आहे आणि संकर मापांत बहुतेक वेळा मधे पडतो. दोन, ज्या कोळ्यांनी मासे दिले त्यांना विचारा की ते या माशांना एक नाव देतात की दोन. त्यांचा हात रोज माशावर असतो, आणि सायक्स यांनीही तिथूनच सुरुवात केली होती.

पराचा छोटा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवलात तर डीएनए पाहता येईल, पण फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी कापायला हवा. जनुकांच्या नोंदींच्या संगणकीय साठ्यातही चुकीची नावं लागलेले महसीर आहेत, तेव्हा जुळणीत वर आलेलं पहिलं नाव उचलू नका. ती जुळलेली नोंद कुठल्या नदीतल्या माशाची आहे ते बघा. आणि निदान दोन-तीन मासे, ठिकाण व तारखेच्या चिठ्ठीसह, आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जमा करता येतील का ते विचारा. उद्या कोणाला तुमच्या आकड्यांवर शंका आली तर त्याला मासाच हातात घेऊन मोजता आला पाहिजे.

तोपर्यंत प्रबंधात 'टॉर खुद्रीशी जुळणारा' एवढंच लिहा, आणि चौदाही माशांची मूळ मापं मिलिमीटरमध्ये परिशिष्टात द्या, नुसती गुणोत्तरं नको. लांबीच्या क्रमाने लावलेली यादी इथे टाकलीत तर मीही आलेख काढून बघते. त्यात सर्वात लांब माशाचं पोट भरलेलं होतं की अंड्यांचं, तेही लिहा.